लिंबू, काडेपेटी आणि मॉलिन्यूचा प्रश्न

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. जन्मापासून आंधळ्या माणसाला हाताने चाचपून गोल कोणता आणि घन कोणता हे ओळखता येतं. उद्या त्याला दृष्टी आली, तर हात न लावता, नुसतं पाहून त्याला ते सांगता येईल का? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक ‘नाही’ म्हणाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या चाचण्यांत मुलांना ते जमलं नाही. मग ‘अनुभववाद जिंकला, बुद्धिवाद हरला’ (ज्ञान अनुभवातूनच येतं हे मत खरं, काही ज्ञान बुद्धीत आधीच असतं हे खोटं) असं परीक्षेत लिहिलं तर चालेल का? आणि आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, याबद्दल काही आहे का?

गुण किती मिळतील ते तुमचे परीक्षक जाणोत. मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक नाही. तीसेक वर्षं डोळ्यांची डॉक्टरकी केली, त्यात लहान मुलांचे मोतीबिंदू बरेच. तत्त्वज्ञान हा उशिरा लागलेला नाद. पण या प्रश्नाचं एक टोक तुमच्या पुस्तकात आहे आणि दुसरं आमच्या वॉर्डात, म्हणून लिहायला बसलो. माझं मत आधीच सांगून टाकतो: ‘नाही’ हे उत्तर बरोबर आहे, पण त्यावरून अनुभववाद जिंकला असं म्हणता येत नाही. त्या मुलांना पहिल्या दिवशी जमलं नाही यापेक्षा ते किती लवकर जमायला लागलं, यात जास्त काही दडलंय.

आधी प्रश्न नीट मांडू, कारण पाठ्यपुस्तकांत तो फार घाईने उरकतात. हा प्रश्न विचारणारा विल्यम मॉलिन्यू डब्लिनचा. प्रकाशशास्त्राचा अभ्यासक, आणि त्याची बायको लग्नानंतर थोड्याच काळात आंधळी झालेली. म्हणजे हा प्रश्न त्याच्या डोक्यात नुसत्या चर्चेतून आलेला नसावा. त्याने १६८८ मध्ये लॉकला पत्र लिहिलं. त्यावर उत्तर आलं नाही. १६९३ मध्ये त्याने तोच प्रश्न पुन्हा पाठवला आणि लॉकने तो १६९४ च्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत घातला. एकाच धातूचा, साधारण एकाच आकारमानाचा एक गोल आणि एक घन. धातू एकच का? वजनावरून, थंडपणावरून, चकाकीवरून ओळख पटू नये म्हणून. ही दक्षता लक्षात ठेवा. मी ती घेतली नव्हती आणि फजिती झाली होती. ते पुढे येईलच.

मॉलिन्यूचं म्हणणं असं: त्या माणसाला गोल हाताला कसा लागतो ते ठाऊक आहे, घन कसा लागतो तेही ठाऊक आहे. पण हाताला जे असं लागतं ते डोळ्याला तसं दिसतं, हा अनुभव त्याने अजून घेतलेलाच नाही. मग कसं ओळखेल?

इथे दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक, पट्टी काढल्यावर त्या डोळ्याला आकार म्हणून काही दिसतो का? दुसरा, दिसत असेल तर ‘हा तोच, मघाशी हातात होता तो’ हे कळतं का? तत्त्वज्ञांचं भांडण दुसऱ्या प्रश्नावर आहे. पहिला डॉक्टरांचा. पण पहिल्याचं उत्तर हाती नसताना दुसऱ्यावर तीनशे वर्षं शाई खर्च झाली.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर परिस्थितीवर फार अवलंबून असतं, आणि हे पुस्तकी चर्चेत हमखास गळतं. जन्मजात मोतीबिंदूचं बाळ पहिल्या दीड-दोन महिन्यांत आमच्याकडे आलं, तर मॉलिन्यूचा प्रश्न त्याच्यापुरता उद्भवतच नाही. ते इतर बाळांसारखंच पाहायला शिकत जातं. आठ-दहा वर्षांचं मूल आलं तर गोष्ट निराळी. तोवर मेंदूतली पाहण्याची यंत्रणा पुरेसा वापर न झाल्याने मागे पडलेली असते. बहुतेकांचे डोळे सतत थरथरत असतात, नजर एका जागी ठरत नाही. भिंग उत्तम बसवलं तरी दृष्टी धुरकटच राहते. शिवाय मोतीबिंदूचं मूल ठार आंधळं नसतं. उजेड-अंधार कळतो, तोंडासमोर हात हलवला तर सावली हललेली कळते. काहीच कधी दिसलं नाही आणि एके सकाळी सगळं लख्ख दिसलं, असा मॉलिन्यूच्या कल्पनेतला माणूस मला तीस वर्षांत भेटला नाही. भेटणारही नाही.

आता माझी फजिती. तालुक्याच्या गावाहून अकरा वर्षांची एक मुलगी आली होती, दोन्ही डोळ्यांत जन्मापासून पिकलेला मोतीबिंदू. सोबत आजी. पट्टी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मला हौस आली. मी टेबलावर एक लिंबू आणि एक काडेपेटी ठेवली. आधी डोळे मिटायला लावून दोन्ही वस्तू तिच्या हातात दिल्या होत्या. दोन्ही तिने क्षणात ओळखल्या. मग डोळे उघडायला सांगितले. ‘लिंबू कोणतं?’ तिने बरोबर दाखवलं. मी खूश. लॉक पडला, म्हटलं. मग लक्षात आलं, पोरीने आधी नाक पुढे केलं होतं. दुसऱ्या खेपेला लिंबू बदलून रबरी चेंडू आणला, तर काडेपेटी ठेवताना आतल्या काड्या खुळखुळल्या. तिसऱ्या खेपेला रिकामी काडेपेटी आणि चेंडू, दोन्ही आवाज न करता ठेवले. तेव्हा मात्र ती गप्प झाली. बराच वेळ पाहिलं आणि हात पुढे केला. मी तो धरला. तशी आजी मागून म्हणाली, “डाक्टर, पोरीला हात तर लावू द्या की!”

मी हात सोडला. तिने चेंडूला बोट टेकवलं, मग पेटीला, आणि हसली. त्यानंतर त्या दोन वस्तूंबाबत ती चुकली नाही.

ही काही चाचणी नव्हे, वॉर्डातला पोरखेळ होता. पण मॉलिन्यूने एकच धातू का सांगितला ते मला त्या दिवशी कळलं. आणि १७२८ सालचा विल्यम चेसल्डनचा वृत्तांत पुढे वाचनात आला तेव्हा ही मुलगीच डोळ्यांसमोर उभी राहिली. चेसल्डन लंडनचा शल्यचिकित्सक. त्याने तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाचा मोतीबिंदू सुईने बाजूला सारला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत शलाकेने करायची जी कृती आहे, साधारण त्याच जातीची. त्या मुलाला आधी वाटे की दिसतं ते सगळं डोळ्यांना येऊन टेकलंय, जशी वस्तू कातडीला टेकते. मांजर कोणतं आणि कुत्रं कोणतं हे तो सारखं विसरायचा. विचारायची लाज वाटायला लागली, तेव्हा त्याने मांजर उचललं, चाचपलं, टक लावून पाहिलं आणि खाली ठेवत त्याला बजावलं की आता पुढच्या वेळी तुला ओळखीन. चित्रं ही सपाट असून त्यांत उंच-सखल वस्तू दाखवलेल्या असतात, हे त्याला दोनेक महिन्यांनी उमगलं. आणि उमगल्यावर हात लावला तर सपाटच लागलं. तेव्हा त्याने विचारलं, खोटं कोण बोलतंय, हात की डोळा? ज्ञान कसं होतं याचा विचार करणाऱ्या अख्ख्या ज्ञानमीमांसेत याहून नेमका प्रश्न मला तरी सापडलेला नाही.

चेसल्डनच्या वृत्तांतावर युरोपभर चर्चा झाली. फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरने तो उचलून धरला, तत्त्वज्ञ बर्क्लीच्या १७०९ च्या सिद्धांताला त्यातून पुष्टी मिळाली असं म्हटलं गेलं. बर्क्ली लॉकपेक्षा पुढे गेला होता: डोळ्याला दिसणारा आकार आणि हाताला लागणारा आकार या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत, त्यांना एक नाव आपण सवयीने देतो. शब्द आणि त्याचा अर्थ यांचं नातं जसं शिकावं लागतं, तसंच हेही. पण १७४९ मध्ये फ्रेंच लेखक दिद्रोने एका पुस्तकात खोच काढली की नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या, दुखऱ्या डोळ्याच्या पोराला पहिल्याच दिवशी विचारून काय कळणार? डोळा आधी स्थिरावू द्या. त्या पुस्तकापायी दिद्रो तुरुंगात गेला, पण ते त्यातल्या नास्तिकपणामुळे. खोच बिनतोड होती. मुलगा ‘ओळखू शकला नाही’ म्हणजे त्याला दिसलंच नाही, की दिसूनही जुळलं नाही? चेसल्डनच्या वृत्तांतावरून हे ठरवता येत नाही.

ते ठरवता यावं अशी रचना २०११ च्या चाचणीत होती, म्हणून मला ती आवडते. पवन सिन्हा आणि सहकाऱ्यांचा हा प्रकल्प. भारतातल्या गरीब घरांतल्या, उशिरा सापडलेल्या आंधळ्या मुलांवर उपचार करायचे आणि सोबत त्यांची दृष्टी कशी घडते ते अभ्यासायचं. या चाचणीत पाच मुलं होती, वयं आठ ते सतरा. चौघांना जन्मजात मोतीबिंदू, एकाचं बुबुळ जन्मापासून अपारदर्शक. खेळण्यातल्या ठोकळ्यांसारख्या आकारांच्या जोड्या केल्या. पाहून पाहिलेलं ओळखायचं, असं काम दिलं तेव्हा मुलं सरासरी ९२ टक्के बरोबर होती. हाताने चाचपून हातानेच ओळखायचं, तेव्हा ९८ टक्के. आणि हाताने चाचपलेलं डोळ्याने ओळखायचं तेव्हा ५८ टक्के. दोनांतून एक निवडायचं असताना ५० म्हणजे छापा-काटा. म्हणजे दिद्रोची खोच इथे बरीचशी मिटते: डोळ्याला दोन आकारांतला फरक कळत होता, हाताला कळत होता, दोघांमधला पूल मात्र नव्हता. आणि तरी आठवड्याच्या आसपास, ज्यांची चाचणी पुन्हा घेता आली त्यांचं काम झपाट्याने सुधारलं होतं. कुणी शिकवणी लावली नव्हती. मुलं घरी गेली, वावरली, इतकंच.

यावरही आक्षेप आहेत आणि ते फेकून देण्याजोगे नाहीत. पाहून पाहिलेलं ओळखताना मुलांनी आकार ओळखला की एखादा कोपरा, एखादी खाच? तेवढ्याने काम भागतं, पण ‘घन’ दिसला असं म्हणता येत नाही. याच गटाच्या २००९ च्या अभ्यासात ही अडचण चांगली दिसते: एकमेकांवर चढलेला चौकोन आणि वर्तुळ दाखवलं तर नव्याने पाहणाऱ्यांना तिथे तीन वस्तू दिसतात, कारण जिथे रेघ तिथे वस्तू संपली असं त्यांना वाटतं. सावलीसुद्धा वेगळी वस्तू. त्यातली एक आकृती हलवली की मात्र एकदम उलगडा होतो. माझ्याकडच्या मुलांतही हे पाहिलंय. टेबलावरचा पेला दिसत नाही, पण तोच सरकवला की ‘अरे, पेला!’

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग लॉकच जिंकला की. थांबा. दोन गोष्टी त्याच्या वाटेत आडव्या येतात.

पहिली, मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी अभ्यासलेला एक इंग्रज गृहस्थ. बावन्न वर्षांचा, जवळजवळ आयुष्यभर आंधळा, १९५९ च्या सुमारास बुबुळ बदलून दृष्टी आलेला. हा माणूस भिंतीवरच्या घड्याळात पाहून वेळ सांगू शकला, कोणी न शिकवता. का? खिशातल्या बिनकाचेच्या घड्याळाचे काटे तो वर्षानुवर्षं बोटांनी चाचपत आला होता. इंग्रजीची मोठी अक्षरं वाचता आली, छोटी नाही. कारण अंधशाळेत लाकडावर कोरलेली मोठी अक्षरंच त्याला चाचपायला मिळाली होती. म्हणजे हाताचं ज्ञान सरळ डोळ्यात उतरलं! लॉकच्या हिशेबात हे बसत नाही. (त्याचा शेवट मात्र वाईट झाला, दिसायला लागल्यावर तो खिन्न होत गेला आणि दोनेक वर्षांत वारला. उशिरा आलेली दृष्टी वरदानच असते असं समजणाऱ्यांनी ही कहाणी जरूर वाचावी. आम्ही नातेवाइकांना आता आधीच सांगून ठेवतो.) दिल्लीच्या मुलांना जमलं नाही आणि याला कसं जमलं? त्याला बालपणी थोडंफार दिसलं होतं, चाचण्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी झाल्या, असे खुलासे देतात. ते खरेही असतील.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सारख्या लांबीच्या दोन रेघा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर. एक लांब भासते. किंवा रुळांसारख्या जवळ येत जाणाऱ्या दोन रेघांमध्ये दोन सारख्या आडव्या काड्या. वरची मोठी भासते. जुनं स्पष्टीकरण असं की खोल्यांचे कोपरे आणि लांब जाणारे रस्ते पाहून-पाहून आपण हे शिकतो. २०१५ मध्ये सिन्हांच्याच गटाने आठ ते सोळा वर्षांच्या नऊ मुलांना, नुकतीच दृष्टी आल्यावर, ही चित्रं दाखवली. मुलं तुमच्या-माझ्यासारखीच फसली. रूळ कधी पाहिले नव्हते, तरी फसली. म्हणजे डोळा पहिल्या दिवशी कोरी पाटी नव्हता. काही घडण आधीच तयार होती.

एवढ्यात जमलेलं एकदा ओळीने लावतो, मग न्यायाकडे वळू. आकार ताडण्याची काही यंत्रणा तयारच येते. ‘हाताचा गोल तोच डोळ्याचा गोल’ ही ओळख तयार येत नाही. पण ती जुळायला वर्षं लागत नाहीत, दिवस लागतात. नुसत्या सवयीने, शब्दाला अर्थ चिकटावा तशी ती चिकटत असती, तर प्रत्येक वस्तूसाठी वेगळी शिकवणी लागली असती. तसं होत नाही. चेंडू कळला की संत्रं, माठ, डोकं सगळंच ‘गोल’ म्हणून कळू लागतं. इथे मला बुद्धिवादी जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिझ आठवतो. त्याचं उत्तर होतं: होय, ओळखेल, पण समोर हेच दोन आकार आहेत हे आधी सांगितलं आणि विचाराला वेळ दिला तर. घनाला आठ कोपरे, गोलाला एकही नाही. हा फरक ना हाताचा, ना डोळ्याचा, भूमितीचा आहे. आंधळा आणि पांगळा, दोघंही एकच भूमिती शिकू शकतात, असं तो म्हणतो. पहिल्या दिवसाबद्दल लाइबनिझ चुकला असेल, पण सातव्या दिवसाचा वेग त्याच्या बाजूने बोलतो.

न्यायदर्शनात मॉलिन्यूचा प्रश्न जसाच्या तसा नाही. कुणी ‘आमच्याकडे होताच’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पण त्याला खेटून जाणारं एक सूत्र आहे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाचं पहिलंच: ‘दर्शनस्पर्शनाभ्यामेकार्थग्रहणात्’. पाहणं आणि स्पर्शणं या दोहोंनी एकच वस्तू घेतली जाते, म्हणून. कशाला ‘म्हणून’? आत्मा इंद्रियांहून वेगळा आहे म्हणून. जे मी डोळ्याने पाहिलं तेच मी हाताने शिवतो, असं म्हणणारा कोणीतरी एक हवा. डोळा स्पर्श जाणत नाही, त्वचा रूप जाणत नाही, मग ‘तेच’ कोण म्हणतो? सूत्रकाराचा रोख आत्म्याकडे आहे, पण वाटेत तो गृहीत धरतो ते आपल्या कामाचं आहे: वस्तू बाहेर एकच आहे आणि दोन्ही इंद्रियं तिच्यापर्यंत पोचतात. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या, मते रंग फक्त डोळ्याचा आणि गंध फक्त नाकाचा, पण घडा हे द्रव्य, त्याची संख्या, त्याचं परिमाण (आकारमान) डोळ्यालाही मिळतं आणि त्वचेलाही.

बौद्धांचा याला विरोध. डोळ्याला मिळतं ते रूप, त्वचेला मिळतो तो स्पर्श. ‘एक घडा’ ही मनाने केलेली जुळणी, कल्पना. हे वाचताना बर्क्ली आठवल्याशिवाय राहत नाही, तसा नैयायिक वाचताना लाइबनिझ. पण ही सांगड माझी आहे, परीक्षेत तुमच्या जबाबदारीवर वापरा. शिवाय नैयायिक मॉलिन्यूला ‘होय’ म्हणाला असता असंही नाही. ‘हा तोच’ या ओळखीला ते प्रत्यभिज्ञा म्हणतात आणि तिला संस्कार, म्हणजे आधीच्या अनुभवाचा मनात उरलेला ठसा, लागतो. स्पर्शाचा संस्कार नव्या डोळ्याने जागा होईल का? मला वाटतं, नैयायिकाने ‘एकदा दोन्ही मिळून घेऊ द्या, मग होईल’ असंच म्हटलं असतं.

जाता जाता आपल्या भाषेकडेही लक्ष द्या. चाखून बघ, हुंगून बघ, ऐकून बघ, हात लावून बघ. मराठीत सगळीच इंद्रियं बघतात. यावरून कुठलाही सिद्धांत काढू नये, पण वॉर्डात याचा मला त्रास झालाय. ‘बघ’ म्हटलं की ती मुलं हात पुढे करत. त्यांच्या लेखी ते बघणंच होतं. ‘हात न लावता, नुसतं डोळ्यांनी’ असं फोडून सांगावं लागे.

उरतो तो एक मुद्दा, आणि त्यासाठीच मी तुम्हाला ‘जिंकला-हरला’ लिहू नका म्हणतोय. त्या पाच-सात दिवसांत नेमकं काय घडतं? वस्तू हातात धरून पाहिल्यामुळे पूल बांधला जातो, की नुसता डोळाच तयार होतो आणि पूल आधीपासून तिथे असतो? पहिलं खरं असेल तर लॉक, दुसरं असेल तर लाइबनिझ. हे निवडायचं तर मुलांना डोळे उघडे ठेवून आठवडाभर कशालाही हात लावू द्यायचा नाही, आणि मग चाचणी घ्यायची. मांजराच्या पिल्लांवर यासारखं काही १९६३ मध्ये झालंय. रिचर्ड हेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने एक पिल्लू चालतं ठेवलं आणि दुसरं पाळण्यात बसवून त्याच्याच सोबत फिरवलं. दोघांनी पाहिलं तेच, पण पाळण्यातल्या पिल्लाला पाहून पंजा टेकवणं जमेना. मोकळं सोडल्यावर जमू लागलं. हे हेल्ड म्हणजे तेच, जे २०११ च्या त्या दिल्लीच्या अभ्यासाचे पहिले लेखक आहेत. अर्धशतकाच्या अंतराने ते मुलांपर्यंत आले, पण मुलांचे हात त्यांना बांधता आले नाहीत, आणि बांधूही नयेत. अकरा वर्षं काही न दिसलेल्या पोरीला पट्टी काढल्यावर ‘आठ दिवस कशाला शिवायचं नाही’ असं मी त्या आजीसमोर म्हणालो असतो, तर तिने नातीला घेऊन तडक एसटी स्टँड गाठला असता.